त्यापुढं समुद्र

कुपवाड एमआयडीसीत, पाण्याच्या टाकीमागं, आमचं भडंगाचं युनिट.
डिसेंबरात सकाळच्या पाळीला डब्यांतलं पामतेल थिजलेलं असतं,
जुन्या साबणाच्या वडीसारखं.
अक्काताई डबे भिंतीकडेला मांडते
आणि ऊन यायची वाट बघत लसूण सोलते.

खरेदी माझ्याकडं.
शेंगदाणा कुठल्या रानाचा, मी चावून सांगते.
चिरमुऱ्याची भट्टी माहीत आहे,
भट्टीवाल्याच्या पोरीला दहावीला किती पडले तेही.
मिरचीचं शिंक सांगते.
तेलाचं मात्र टेम्पो येतो, पावती येते,
वास येत नाही.

सोमवारी पुण्याच्या कंपनीची मेल आली,
आमच्या पुड्या जी तिच्या नावानं विकते.
तिनं शब्द दिलाय जगाला: आमच्या तेलापायी झाड तुटणार नाही.
आधी वीस सालापर्यंत म्हणाली होती,
मग पंचवीस,
आता तीस.
आकडा बदलला की पहिल्या पानावरचं हिरवं पान
जरा मोठं होतं.

फॉर्म सतरा पानांचा.
पान नऊ: मळ्याचे अक्षांश, रेखांश,
दशांश चिन्हापुढं सहा आकडे.
मळ्याआधी तिथं काय होतं?
शेती. पडीक. लागू नाही.
जंगल हा पर्यायच नव्हता.

मिरजेच्या मुजावरांना फोन लावला.
"ताई, मी त्याल इकतो, जमीन न्हाई."
तरी भला माणूस, उरणचा नंबर दिला.
उरणवाला घाईत होता:
"टाकीत सगळं एकच होतं, मॅडम.
पाच गिरण्या, पन्नास मळे, कोण कुणाचं?
आमच्यापुढं समुद्र."
मी वहीत लिहून घेतलं,
त्यापुढं समुद्र,
खरेदीच्या रकान्यात, लसणाच्या भावाखाली.

माझे वडील देवराष्ट्र्याच्या वरच्या डोंगरावर
रोजंदारीनं रोपांना पाणी घालायचे.
उघडा डोंगर, खालनं घागर.
उजव्या खांद्याचा घट्टा शेवटपर्यंत गेला नाही,
अंघोळीला बसले की आई त्यावर खोबरेल चोळायची.
पाव्हणे म्हणायचे, किती झाडं लावलीसा, भाऊ?
"लावली म्हणायचं न्हाई.
तिसरा उन्हाळा काढला की म्हणायचं."
आता तिथं सांबर फिरतं.
वडिलांना कुणी अक्षांश विचारले नाहीत,
विचारले असते तर हात धरून नेलं असतं त्यांनी,
हा आपटा, हा हिवर, हा दोनदा मेलेला शिरीष.

शिरगुप्पे शेठ म्हणाले, "टाक की लागू नाही.
सगळीच टाकत्यात.
शेंगतेल घालू म्हणतीस? दहाच्या पुडीत?"
दहाच्या पुडीत बसत नाही, हिशेब मीच घालते,
मला माहीत आहे.

रात्री उशिरा टाकलं. लागू नाही.
खाली शेरा लिहायला चौकट होती, दोनशे अक्षरांची.
मी लिहिलं:
तेल मिरजेहून येतं. मिरजेला उरणहून.
त्यापुढं समुद्र.
पलीकडं कुणाचा तरी बाप जंगल राखत असेल,
किंवा राखत होता.
त्याला विचारा.
लाल अक्षरांत उत्तर: ही लिपी चालत नाही.
खोडलं.
रिकामी चौकट चालली.

सकाळी आठला निकाल.
आपला पुरवठा जंगलतोडमुक्त. हिरवी खूण,
आणि पुडीवर छापायला एक चिन्ह, फुकट.
शेठनी पेढे मागवले.

साडेनऊला ऊन भिंतीवरून उतरून डब्यांना लागलं.
अक्काताईनं बोटानं टिचकी मारली,
"सुटाय लागलं बघा कडेनं."
मी वाकून बघितलं.
पांढरं हळूहळू मागं सरत होतं,
मग तेल इतकं नितळ झालं
की डब्याचा तळ दिसला,
तळावर पत्रा बनवणाऱ्याचा शिक्का, उलटा,
आणि तेलात हलणारं माझं तोंड.
"सरका," अक्काताई म्हणाली,
"कढई तापलीया."