शून्याची जागा

चाळीस वर्षं मी जमीन मोजली.
तिपाईवर दुर्बीण, एक डोळा मिटलेला,
दलदलीत गुडघ्यापर्यंत बूट,
समोर पट्टी धरलेला कुणीतरी पोरगा
गारठ्यानं हलायचा, त्याच्यावर ओरडायचं, सरळ धर!
उंची म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

तरी एकशे पंचेचाळीस हा आकडा वाइकेचा.
ती तार्तूच्या संग्रहालयात कामाला होती.
चित्राचा मध्य जमिनीपासून एवढ्यावर.
"नजरेला नजर," म्हणायची, "छताला सोबत म्हणून नाही टांगायचं."
चौकटीची अर्धी उंची मिळवा,
तार ताणून वर येते तेवढं वजा करा,
तिथं पेन्सिलीची फुली.
असं सगळं घर टांगलं आम्ही.
(आमच्या वस्तीत रस्त्यांना भाज्यांची नावं.
बटाटा आहे, शेंग आहे. आम्ही वाटाण्यात राहतो.)
गोठलेली नदी. दुलईत गुंडाळलेली दोन्ही पोरं.
ओठ आवळून बसलेली माझी आई.

फेब्रुवारीत पायरीवर बर्फ होता.
एप्रिलमध्ये वाइके घरी आली, चाकांच्या खुर्चीत.
शेजारच्या एल्मारनं उंबरे तासले,
मी टेबलाला ठोकळे लावले,
भिंतींकडे मात्र कुणाचं लक्ष नाही.
पाचव्या दिवशी बोळातून तिची हाक,
"काल्यू, नदीत दिवा पेटलाय.
पोरांच्या तोंडावर दिवा. सगळीकडे हाच दिवा."
मी तिच्या खुर्चीमागे ओणवा झालो.
खरंच, काचेत नुसता छताचा बल्ब.
पाच चौकटी, पाच बल्ब.

फीत आणली.
"अंबाडा मोजू नकोस, डोळे मोज."
एकशे चौदा.

काही वर्षांपूर्वी आमच्या देशानं शून्य बदललं.
आधी समुद्राची पातळी क्रोनश्टाटहून मोजायचे,
मग ठरलं, आता आम्स्टरडॅमहून.
एका कागदानं सगळ्या टेकड्या जवळजवळ वीतभर उंच झाल्या.
गवताचं पातं हललं नाही.
माझ्या वह्या मात्र खोट्या पडल्या,
मी आठवडाभर धुसफुसत होतो.
वाइके तेव्हा म्हणाली होती, "टेकडीला विचारलंस का?"

एकतीस सेंटिमीटर खाली.
खिळे उपटताना चुना पडला, तिच्या मांडीवरच्या शालीवर.
चित्रांमागचा कागद अजून हिरवागार,
बाकी भिंत चहाच्या रंगाची.
प्रत्येक चौकटीच्या डोक्यावर आता एक हिरवा पट्टा
आणि त्यात भोक.
लांबी भरतो म्हटलं, तर म्हणाली,
"राहू दे, भोकं काही खायला मागत नाहीत."

शेवटी आईपाशी आलो.
हातात पक्कड. मी वळून पाहिलं.
"तिला नको," वाइके म्हणाली,
"तिला वरूनच बघायची सवय आहे."

आता पाहुणे येतात, बोळात कमरेत वाकतात,
वाकून काय बोलावं ते सुचत नाही, मग हवेबद्दल बोलतात.
एल्मारची नात लोविसे तेवढी सरळ उभी राहते.
परवा नदीला नाक लावून म्हणाली,
"हा माणूस कुठं चाललाय?"
कुठला माणूस?
मी गुडघ्यांवर बसलो, दोन्ही गुडघे कडाडले.
डाव्या कोपऱ्यात, चौकटीला जवळजवळ चिकटून,
बर्फावरून कुणीतरी चाललंय, पाठीवर काहीतरी घेऊन.
तीस वर्षं ते चित्र माझ्या घरात आहे.
वाइकेला विचारलं.
तिला ठाऊक होता.
"मला वाटलं, तुलाही दिसत असेल."

संध्याकाळी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून
मी तिच्याशेजारी बसतो. दिवा लावत नाही.
स्टुलावर माझे डोळे भरतात एकशे बावीस.
आठ सेंटिमीटर जास्त.
पाय कापून टाकतो म्हटलं स्टुलाचे,
करवत कुठं ठेवली ते शोधायलाही लागलो,
तर म्हणते,
"बस की जरा पोक काढून."