निळी पेटी

आधी आम्ही चर्चच्या ऑर्गनचे भाते करायचो.
मेंढीचं कातडं, गरम सरस.
तो वास लग्नाच्या दिवशीही
माझ्या नखांत होता.
मग सिनेमे बोलू लागले,
थिएटरांतले ऑर्गन मुके झाले,
आणि बिंगहॅम्टनच्या आमच्या फोरमनने सांगितलं,
झुझाना, आता हेच भाते विमानाखाली लावायचेत.

विमान कसलं!
आखूड पंखांची निळी लाकडी पेटी,
जत्रेतल्या घोड्याएवढी.
एका भात्यातली हवा ओढली की डावा पंख खाली,
दुसऱ्यात सोडली की नाक वर.
सूर तेवढा काढून घेतलेला.
श्वास तोच.

मार्चमध्ये टपालाचा एक वैमानिक आला, लायल टेनंट.
बाहेर नदीवर धुकं, पूल अर्धाच दिसत होता.
त्याचे दोन सोबती त्या हिवाळ्यात ढगात शिरले
ते बर्फ वितळल्यावर सापडले.
पत्रं मात्र वाचता येत होती, म्हणाला.
मग पेटीकडे पाहून हसला :
"दहा सेंट टाकायचे कुठे?"

झाकण लावलं.
आत अंधार आणि काटे.
बाहेर टेबलाशी पेल मास्तर, पेन्सिल, नकाशा.
माझे भाते हळूच फुसकारत होते.
त्याला वाटलं, आपण सरळ चाललोय.
सरळ!
पेटी गरगर फिरत होती,
आम्ही हातातली कामं टाकून पाहत होतो.
सहाव्या मिनिटाला पेल यांनी पेन्सिल खाली ठेवली.
हसलं कुणीच नाही.

बाहेर आला तेव्हा शर्ट पिळून काढावा असा.
"कशावर आपटलो?"
"टेकडीवर. एंडिकॉटच्या पलीकडे."
तो खाली वाकला,
हाताने जमीन चाचपली.
सिमेंट, भुसा, माझी पडलेली एक टाचणी.
मग पुन्हा आत जाऊन बसला.

त्या दिवशी तो चारदा मेला.
पाचव्यांदा काय झालं कोण जाणे,
माझ्या पाळीचा भोंगा वाजला होता.

पण मी घरी गेले नाही.
डाव्या भात्याच्या घडीत बारीक चीर होती,
कान लावला तरच ऐकू येणारी.
ऑर्गनमध्ये अशी चीर राहिली
तर एखादा सूर घसरतो,
पाद्रीबाबा कपाळाला आठ्या घालतात, संपलं.
मी कातडं तासून पातळ केलं,
सरस लावला,
आणि अंगठ्याने दाबून धरलं
शंभर मोजेपर्यंत,
आईने शिकवलेल्या आकड्यांत.
घाईत असले की इंग्रजीत मोजते.
त्या रात्री नाही.

मंगळवारी क्लीव्हलंडहून बहिणीचं पत्र आलं.
विमानाचं तिकीट लावलेलं, एक कोपरा ओला.
कोणी आणलं, हे कोण विचारतं?
मी पोस्टमनला विचारलं.
त्याने खांदे उडवले,
आणि शेजारच्या दाराकडे वळला.