टिचबटण

फॉर्मवर पेशंटचं नाव लिहायचं होतं.
बावीस वर्षांत मी ते उखाण्यापलीकडे घेतलेलं नाही.
जिनपाल भूपाल चौगुले.
लिहिताना पेन अडखळलं,
खाली 'नातं' या रकान्यात मात्र सरळ गेलं.

दोन्ही हातांच्या शिरा संपल्यात.
गेल्या खेपेला ग्लॅडिस सिस्टरनं सहा वेळा टोचलं,
सातव्यांदा तिच्याच डोळ्यांत पाणी.
हे तिला म्हणाले, "असू दे बाई,
आमच्या बेडगलाबी बोअर मारताना
सात ठिकाणी कोरडंच लागलं होतं."

म्हणून आता छातीत बसवायचं एक बटण,
गळ्याच्या हाडाखाली, उजव्या अंगाला.
डॉक्टरांनी माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं:
रुपयाएवढं, मागं बारीक नळी.
मी सवयीनं उलटून बघितलं
काज कुठं असेल म्हणून.

मिरजेत सकाळी दहाचा नंबर चारला लागला.
यांच्या पोटात कालपासून काही नाही
आणि दिवस मावळल्यावर हे खात नाहीत.
आईनं लावलेला नेम,
एकशेतीन तापातसुद्धा मोडला नव्हता.
मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचं ऊन मापत होते:
वीतभर,
चार बोटं,
मग बोटभर, मग नुसती कड.

पावणेसहाला बाहेर आणलं.
"तासाभरानं द्या काहीतरी," सिस्टर म्हणाली
आणि गेली.

मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.
ट्यूबलाईट तिथं दिवसभर जळते,
तिच्यावरून काही कळत नाही.
"मावळला का गं?"
"आहे अजून जरा. त्या बिल्डिंगमागं."
डब्यातला मऊ भात चमच्यानं भरवला.
पहिला घास तोंडात धरून
ते माझ्याकडं बघत राहिले,
बराच वेळ.
मग गिळला,
आणि तोंड उघडलं.

आठव्या दिवशी पट्टी काढली तेव्हा टाके बघितले.
बारीक, एका अंतराचे,
शेवटची गाठ आत दडवलेली.
"हात चांगला आहे," मी म्हणाले.
डॉक्टर नुसते हसले.
त्यांना काय माहीत,
हे मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या पोरींनाही
कधी म्हणत नाही.

आता मशीनवर यांचे शर्ट घेतलेत.
उजव्या खांद्याखाली चार इंच उसवून
आतून पट्टी, वर टिचबटणं.
सुई टोचायची वेळ आली की अंगातलं काढायला नको,
नुसतं टिक करून उघडायचं.
गिऱ्हाइकांचे ब्लाऊज आठवडाभर थांबलेत,
थांबू देत.

सहा झाले.
सातवा, देवळात जायचा पांढरा,
त्यांनी हातात धरून ठेवला.
"याला नको. हा राहू दे तसाच."
मी घडी घालून कपाटात ठेवला.

रात्री ते झोपल्यावर काढून
त्याच्यावर निळ्या खडूनं खूण केली.
कात्री अजून लावलेली नाही.