काच बदलून मिळेल

हातातून पडलेल्या फोनची काच
कोपऱ्यातून तडकते.
तिथनं पुढं फाटे फुटत जातात, ओढ्यासारखे.
आपटलेल्याचं वेगळं.
त्याला मधोमध पांढरा डाग असतो,
चिमूटभर साखर सांडल्यागत,
आणि फ्रेम जराशी वाकलेली.

अकरा वर्षं झाली, मिरजेत, स्टेशन रोडला
दोन झेरॉक्सवाल्यांच्या मधे माझं हे टेबल.
लोक म्हणतात, पडला ताई.
मी म्हणते, पडतात.

मंगळवारी उत्तम खराडे आले,
कुपवाडच्या फौंड्रीत सुपरवायझर.
मागं पोरगं. प्रज्योत. नववी.
नखं पार कुरतडलेली.

"ह्या गेमनं वाया गेलंय बघा.
दिवसभर नुसतं मार, घाल गोळी, उडव त्याला.
परवा बहिणीच्या अंगावर धावून गेलं.
आईला म्हणतंय, गप बस.
डोक्यात जातं हे सगळं, डोक्यात!"
आणि त्यांची मूठ काउंटरवर आली.

स्क्रूची डबी लवंडली.
पोरगं खाली बसलं आणि एकेक वेचायला लागलं,
तिळाएवढे स्क्रू,
श्वास रोखून, ओल्या बोटानं.

मी फोन उलटा करून पाहिला.
मधोमध साखर.
"पडला?"
दोघं एकदम म्हणाले, "हो."

मला ठाऊक नाही, खरंच.
माझा भाऊ तौसिफ सतरा वर्षांचा होता,
रात्री दोनपर्यंत कानाला हेडफोन.
एकदा ऐन शेवटाला नेट गेलं
तर त्यानं आमटीचा वाडगा भिंतीवर मारला.
डाग अजून आहे, वर दोनदा रंग दिला तरी.
त्याच महिन्यात अब्बांची गिरणी बंद पडली होती.
आता तो सिव्हिलमध्ये रक्त काढतो,
इतक्या हळू, की निजलेलं बाळ जागं होत नाही.
मी विचारलं त्याला, तो वाडगा कुणी फेकला रे?
म्हणाला, "आठवत नाही.
पण फेकल्यावर बरं वाटलं होतं."

बुधवारी नवी काच बसवली.
टच तपासायचा तर काहीतरी खेळावं लागतं.
पोराचा गेम उघडला.
पडकी गोदामं, सुकलेलं गवत, कुठंतरी पाऊलवाज.
पहिल्या दोघांनी मला पाहिलंच नाही.
तिसरा पळत होता.
त्याची पाठ दिसत होती, पाठीवरची पिशवी दिसत होती.
अंगठा थांबला नाही.

टच चांगला चालत होता.

त्यानंतर दहा मिनिटांत
मदतीला येणाऱ्या रेश्मावर मी ओरडले,
हीटगन जागेवर नव्हती म्हणून.
तिचा चेहरा असा झाला, की मीच खाली बघितलं.
सकाळपासून लाइट नव्हती.
गाळ्याचं भाडं तटलेलं.
दुपारचा डबा तसाच.
आणि ती पळणारी पाठ.
ह्यातलं नेमकं काय होतं माझ्या आवाजात
ते चिमट्यानं वेगळं काढता येईना.

संध्याकाळी प्रज्योत एकटा आत आला.
बाहेर मोटरसायकल चालूच,
मधनंच ॲक्सिलरेटर पिळलेला.
त्यानं फोन घेतला, शर्टाच्या टोकानं पुसला,
दिव्याखाली तिरका धरून पाहिला.
आवाज आधीच बंद करून ठेवला.
पैसे मोजून दिले, चुरगळलेल्या नोटा सरळ करत.
मग दाराकडं एक नजर टाकून
हळूच म्हणाला,
"ताई, न फुटणारी काच असती का?"

"आहे की. दीडशे जास्ती पडतील.
हातातून पडला तर फुटणार नाही."

तो थांबला.
मीही थांबले.
बाहेर हॉर्न वाजला.