मी कोसम

पाच विद्यापीठं, तीन देश, एक फाइल:
शाश्वतता, समता, प्रादेशिक विकास.
फाइलच्या पोटात बेचाळीस प्रश्न
आणि प्रश्न-उत्तरांच्या मधोमध मी,
दिवसाला बाराशे, दुपारचं जेवण वेगळं.
इंग्रजीतून मराठीत आणायचं,
मराठीतून आईच्या तेलुगूत उतरवायचं,
उतरवताना सांडायचं नाही.

सांडतंच.
'सस्टेनेबल' हा शब्द मी कुंभारीच्या घरकुलात
दारोदार वेगवेगळा पोचवला:
टिकणारं. पुरणारं. न विटणारं.
चौथ्या दारात म्हातारा म्हणाला, म्हंजे चादर?
लिस्बेथनं विचारलं, काय म्हणाले?
मी म्हणालो, त्यांना कळलं.

नरसुबाई दुडम, नववी गल्ली.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं,
ताप आलेलं लेकरू गुंडाळावं तशी.
नळाला पाणी चौथ्या दिवशी.
पानांना रोज लागतं.
लिस्बेथनं हे लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.

लिस्बेथ घेंटची. तिथंही माग होते म्हणाली,
आजीच्या गिरणीतच आता तिचं ऑफिस आहे, तिसऱ्या मजल्यावर.
आणि त्यांच्याकडच्या हॉटेलांत, न्हाणीघरात पाटी असते:
टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा.
नरसुबाईचा नवरा टॉवेलच्या मागावर.
दोन पाळ्यांची एक झाली,
मग आठवड्यातले चारच दिवस,
मग मालक म्हणाला, फोन करतो.
दोन्ही मी इमानानं इकडून तिकडं नेलं.
पाटीपासून पाळीपर्यंतची रेघ तेवढी ओढली नाही.
तिचे पैसे ठरले नव्हते.

प्रश्न सतरावा.
तुम्हाला स्वतःसाठी पुरेसा वेळ मिळतो का?
एक ते पाच.

मी तेलुगूत सुरुवात केली, 'मी कोसम...'
तिनं वरही पाहिलं नाही.
'तुझ्यासाठी? दिला की बाबा.
तास झाला बडबडतेय. शंभर विड्या गेल्या.'

सोलापुरात हे होतं.
तेलुगूत 'मी' म्हणजे तुमचं,
मराठीत 'मी' म्हणजे मी.
पहिलीत बाईंनी सांगितलं होतं, म्हणा: मी.
आणि आम्ही चाळीस पोरांनी
'मी' म्हणत बाईंकडं बोट केलं होतं.
बाई हसल्या नाहीत. त्या कोल्हापूरच्या होत्या.

मग मी प्रश्न फिरवून धरला,
सुपाच्या अलीकडं, तिच्या बाजूनं.
अत्तम्मा, तुझं तुला. तू म्हणशील ना, 'ना कोसम',
माझ्यासाठी, तसं.

आता कात्री थांबली.
पत्र्यावर बसलेलं ऊन थोडं आत सरकलं.
पलीकडच्या शेडात धोटा इकडून तिकडं,
तिकडून इकडं.
तिनं एका विडीचं तोंड नखानं दुमडलं,
दोऱ्याचे दोन वेढे दिले, तोडला,
आणि सुपाकडं बघत म्हणाली,
'ना.'

तेलुगूत 'ना' म्हणजे माझं.
मराठीत 'ना' म्हणजे ना.
तिला दोन्ही भाषा येतात,
लेकाशी भांडते मराठीत,
देवाशी तेलुगूत,
आणि कारखान्यात छाट काढणाऱ्या माणसाशी
दोन्हींत मिळून गप्प बसते.
कुठल्या भाषेत म्हणालीस, असं
विचारता आलं असतं.
पण तिनं पुढचं पान उचललं होतं.

लिस्बेथ पेन टेकवून थांबलेली.
भली बाई. सावलीची जागा मला देऊन
स्वतः उंबऱ्यावर उन्हात बसलेली,
मानेवर घामोळं आलेलं.
तिला खरंच ऐकायचं होतं.

तीन, मी म्हणालो.
तिनं तीनला गोल केला.

परतताना रिक्षात हिशेब करत होतो,
शंभर विड्यांचे किती होतात.
माझ्या बाराशेत ते सहज बसत होते,
वर पुष्कळ उरत होतं.
तिकडं कुठल्याशा तक्त्यात आमच्या गावाची
स्वतःसाठीच्या वेळेची सरासरी
त्या दुपारी, केसभर का होईना,
वर गेली असणार.