भिशीचा खोका

या महिन्याची भिशी कुणालाच लागली नाही.
चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत आम्ही.
चौघांनी ठरवून पैसे धाडले, आणि सतरा दिवसांनी
कुरियरवाल्याचा फोन:
मॅडम, बिंदू चौकात उभाय, उद्यमनगरात नेमकं कुठं?

खोका हातात आला तो वजनानंच खरा वाटला.
पोटाशी धरून जिना चढले.
खाली लेथ चालू होतं,
कठडा थरथरत होता, का मीच.

वर भूपाल चौगुले हात धुऊन बसलेला,
दोनदा साबण लावून, तरी नखांत ग्रीस.
रेश्मा शिकलगारनं घरची सुरी आणलेली.
"मी कापतो. आमच्यात बोथट काय चालत न्हाई."
आणि धैर्यशील, ज्याला आईबापानं नाव दिलं
आणि अंधारात जिना उतरायची भीतीही.

"सावकाश की. तो आवाज ऐकायचाय मला."
सुरी फिरली. झिर्र.
झाकण लगेच सुटेना,
आतल्या हवेनं धरून ठेवलेलं.
मग हळूच वर आलं
आणि खोक्यानं लांब श्वास सोडला.

वास कसला, यावर पाच मिनिटं गेली.
रेश्मा म्हणाली, पासपोर्टचा.
तुझ्याकडं कुठं पासपोर्ट?
म्हणून तर.

नकाशा टेबलात मावेना,
चारी बाजूंनी खाली लोंबला.
डोंगर, बुरूज, नाव नसलेलं जंगल,
आणि मधून एक नदी निवांत वळणं घेत.
धैर्यशीलनं तिच्यावर बोट ठेवलं, पहिला प्रश्न विचारला:
पूर आला तर पाणी कुठवर येतंय?
कुणी हसलं नाही.
आम्ही खरोखरच वाकून
उंचवटे शोधायला लागलो.

पुस्तक इंग्रजी. मी वाचायचं, मराठीत सांगायचं,
असं भिशीतच ठरलेलं.
म्हणजे राक्षस मी, पाऊस मी,
धर्मशाळेची खाष्ट मालकीणही मीच.
माझा गळा आत्ताच कोरडा पडलेला.
"प्रत्येकाला जीव आठ," मी वाचलं.
"आठच?" भूपाल म्हणाला,
"एवढ्यात आमची एक शिफ्ट निघत न्हाई."

मग फासे.
कवड्या खेळलेली माणसं आम्ही,
आणि हा वीस तोंडांचा, पोटात निळा धूर कोंडलेला.
भूपालनं खिशातनं व्हर्नियर काढला.
एक तोंड, समोरचं तोंड,
मग दुसरी जोडी, तिसरी, अशा दहाही.
ओठ हलत होते त्याचे.
गिऱ्हाइकाचा जॉब तपासावा तसा
उजेडाकडं धरून शेवटी म्हणाला,
"दोन शतांश इकडंतिकडं. पास."

कोरे कागद वाटले.
वरती नावाची रेघ, रिकामी.
सगळ्यांचीच पेन्सिल तिथं अडली.
चाळीस वर्षं जे दुसऱ्यांनी ठेवलं तेच वापरलं,
आता एकदम एवढी मोकळी जागा.
रेश्मानं तीन नावं खोडली,
चौथं लपवून लिहिलं, हाताचा आडोसा करून,
परीक्षेत पुढं बसल्यासारखी.

खाली एक रकाना: अंगावरची खूण.
भूपालचं डावं पहिलं बोट
प्रेसनं नेलंय, त्याला बरीच वर्षं झाली.
त्यानं लिहिलं: दहा बोटं.
मी वाचलं. रेश्मानंही.
तिनं भडंगाची वाटी नकाशावरून उचलली,
म्हणाली, तेल लागंल.

"टाक की आता!"
धैर्यशीलनं फासा दोन्ही तळहातांत घोळवला,
फुंकर मारली, डोळे मिटले
आणि असा काही फेकला
की तो टेबल, नकाशा, नदी ओलांडून
दाराजवळच्या चपलांच्या ढिगात गेला.

चौघंही पोटावर. मोबाईलचा उजेड.
खालचं लेथ तेवढ्यात थांबलं.
"दिसतोय का?"
"दिसतोय. माझ्याच चपलेत हाय."
"किती?"
"थांबा, कुणी हलवू नका."