उजवा, डावा, उजवा

भिंतीवर पाटी:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
तिच्याखाली मी, वय अडुसष्ट,
पातळ मांडीपर्यंत सावरून,
उजवा गुडघा उशीवर.
"पोरगा का पोरगी, सांगूच नका बाप्पा," म्हणते मी.
सून तोंड फिरवून हसते.
डॉक्टर मोटघरे, माझ्या लेकीहून लहान,
न हसता जेली लावते.
बाहेर मेडिकल चौकात डांबर मऊ झालंय,
इथे एवढा गारवा
की गुडघा घटकाभर माझा वाटत नाही.

आधीची दोन इंजेक्शनं अंदाजानं झाली.
टांडापेठेतले म्हातारे डॉक्टर
वाटीच्या कडेला अंगठा लावायचे,
डोळे मिटायचे, अन् टोचायचे.
पहिलं लागलं. दिवाळीपर्यंत जिने चढले.
दुसरं कुठे भलतीकडेच गेलं,
आठ दिवस गुडघा तव्यासारखा.
त्यांचा राग नाही.
भारनियमनात मीही ओवले आहेत
वहीच्या डोळ्यांतून धागे, नुसत्या बोटांवर;
चुकलेला धागा सकाळी दिसायचा,
वीतभर कापड विणून झाल्यावर.

"इकडे बघा, आजी."
पडद्यावर उजळ रेघ, ते हाड.
त्यावर पांढऱ्या तंतूंचा घट्ट ताणा,
अन् दोहोंमध्ये काळी फट. "हे पाणी."
बाजूनं सुई आली,
एकच आडवा धागा, चकचकीत,
धोट्याची घाई नसलेला.
थांबली. जरा वर. पुन्हा थांबली.
टोक काळ्यात उतरलं.

आमच्या मागाखालीही खड्डा होता असाच,
पाय सोडून बसायचा.
एकतीस वर्षं त्यात पावड्या दाबल्या,
उजवा, डावा, उजवा.
माग विकला, खड्डा बुजवला,
वर फरशी, फरशीवर फ्रिज.
शेजारून गेलं
तरी पावलाचा आवाज तिथे वेगळा येतो.

"झीज काही भरून यायची नाही," डॉक्टर सांगते,
"चार-सहा महिने बरे जातील. मग बघू."
खोटं बोलली असती तर कळलं असतं,
पडदा माझ्याकडेच होता.

कापसाचा बोळा, बोटाच्या पेराएवढी पट्टी.
सून ऑटो बघायला गेली.
दारात एक पोटुशी पोर
पाटी वाचत उभी.
"तुमाले काय झालं जी, आजी?"
"गुडघा," म्हणते मी,
अन् कठडा धरून उतरते,
डावा पाय आधी.
पलंगावरची माझी ऊब
तिच्यासाठी तशीच राहते.